फोटोच्या गाडीतला गॅस

इरा आणि कबीर,

परवा तुमच्या बाबाने फोनवर सहज सांगितलं, "आई, गाडीचा एसी गार करत नव्हता, गॅस भरून आणला. गेल्या उन्हाळ्यातही भरला होता." आणि मी त्याच्यावर ओरडले. मागे तुम्ही दोघं हसत होतात, ते मेलबर्नहून मला इथे स्पष्ट ऐकू आलं. आजी एवढ्याशा गोष्टीवरून का भडकली, असं तुम्ही नंतर विचारलंत म्हणे. एका दिवाळी अंकाने माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्याच आहेत, तेव्हा उत्तर इथेच लिहिते. तुम्ही मराठी अडखळत वाचता हे मला माहीत आहे. माझंही सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तरी मी हे मराठीत लिहिते आहे, तेव्हा तुम्ही वाचायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. एका टोकाला आतली उष्णता उचलतो, दुसऱ्या टोकाला बाहेर टाकतो, पुन्हा आत येतो. नळ्या धड असतील तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतून हंडा दुरुस्त केला म्हणून सांगणं. तुमच्या बाबाच्या गाडीत फार तर त्याला घाम येईल. आमच्या गाडीत काय झालं ते सांगते.

मी जव्हारला क्ष-किरण तंत्रज्ञ होते. गावोगावचे लोक मला "फोटोवाली बाय" म्हणत. जव्हारजवळच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्यानंतर आमच्या डोंगरात गाड्याच गाड्या आल्या. साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या, पत्रकारांच्या. बहुतेक आल्या तशा गेल्या. एक राहिली. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेने तिची जुनी एक्स-रे व्हॅन आमच्या भागासाठी दिली आणि ती चालवायला माझी नेमणूक केली. क्षयरोग शोधायचा, म्हणून छातीचे फोटो काढायचे. गाडीत पुढे यंत्र होतं आणि मागे काळोखी खोली, म्हणजे लाकडी कपाटाहून जराशी मोठी, खिडकी नसलेली पेटी. त्या काळी फोटो संगणकावर उमटत नसे. फिल्म काळोखात औषधाच्या पाण्यात धुवावी लागे, आणि ते पाणी वीस अंशांच्या आसपास लागे. पाणी तापलं की फिल्मवर धुकं येतं. फुप्फुस, फासळ्या, डाग, सगळं त्या करड्या धुक्यात बुडतं. म्हणून त्या पेटीला एसी होता. आमच्या सुखासाठी नव्हे, फिल्मसाठी.

शिबिरं शिमग्याच्या आसपास घ्यायची, हे मी ठरवलं होतं. दिवाळीनंतर मोखाड्याच्या पाड्यांवर म्हातारे आणि कोंबड्या तेवढ्या उरतात. बाकी सगळे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. शिमग्याला मात्र माणूस कुठेही असला तरी चार-पाच दिवस घरी येतो. पावसाळ्यात तेच लोक घरी असतात, पण तेव्हा आमची गाडी त्या रस्त्यांवर जाऊच शकत नसे. म्हणजे वर्षातले हेच चार दिवस आमचे, आणि नेमके ते उन्हाचे.

चौथ्या वर्षी मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या शिबिरात यमुना आली. पंचविशीची, काटक, बोलायला फटकळ. तीन महिने खोकला, अंगात बारीक ताप. थुंकी तपासली तर त्यात काही सापडलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांना फोटो हवा होता. मी फोटो काढला, पेटीत शिरले आणि दार लावलं. एसीतून भट्टीचा वारा येत होता. पाण्यात घालायला जव्हारहून आणलेला बर्फ घाट उतरेपर्यंतच वितळला होता. फिल्म धुऊन बाहेर आणली, तर नुसतं करडं धुकं. दुसरी काढली, तीही तशीच. फिल्म जव्हारला नेऊन धुवाव्यात, तर तोवर माणूस भट्टीवर पोचलेला. औषध द्यायचं कुणाला?

"पुन्हा ये," मी म्हणाले.

"पुना म्हंजे कवा?"

"पुढच्या शिमग्याला."

यमुना म्हणाली, "बाय, खोकला थांबंल का तवर?"

मागे रांगेत बायका हसल्या. मी नाही हसले. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे "फिल्म अस्पष्ट" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या दिवशी तसं मी अकरा जणांच्या नावापुढे लिहिलं.

संस्थेने एसीच्या देखभालीचं कंत्राट ठाण्याच्या एका माणसाला दिलं होतं. तो दर वर्षी शिबिरांच्या आधी यायचा, एक नळी जोडायचा, सिलिंडर उघडायचा, अर्ध्या तासात "मॅडम, हात लावून बघा, बर्फ!" म्हणायचा आणि कागदावर सही घ्यायचा. मी सही द्यायची, कारण खरंच गार लागायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा गरम. मी पत्र लिहिलं की तो उत्तर द्यायचा, "मॅडम, जुनी गाडी आहे. वय झालं की गॅस जातोच." तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि माझं काहीही गळत नव्हतं.

यमुनाला परत पाठवलं त्याच्या पुढच्या वर्षी मी सही दिली नाही. तो म्हणाला, "मग मी वर कळवतो." म्हटलं, "कळवा. पत्ता हवा तर मी लिहून देते." तो गॅस न भरताच गेला. शिबिराला तीन आठवडे उरले होते आणि माझ्याकडे एक गरम पेटी होती.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ लक्ष्मण मिस्त्रीचं दुकान होतं. मूळचा इथल्याच साखरशेतचा. ठाण्याला गाड्यांच्या एसीची कामं करण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. बाप आजारी पडला म्हणून परत आला आणि थंड पेयांच्या दुकानांचे फ्रीज दुरुस्त करू लागला. आमच्या संस्थेच्या दृष्टीने तो कुणीच नव्हता. आमचा ड्रायव्हर दामूभाऊ मला म्हणाला, "बाई, कंत्राटदार सोडून फ्रीजवाल्याला दाखवायची गाडी? वरून बोलणी खाल." मी म्हणाले, "दामूभाऊ, बोलणी मी खाईन, तुम्ही गाडी काढा."

लक्ष्मणने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ठाण्यावाला काय बोलला?"

"गॅस कमी झाला म्हणाला."

"कमी झाला? पिला कोणी?"

तो पुन्हा गाडीखाली वाकला.

"आणि बाई, गेल्या साली भरलेला गेला कुठं, ते नाय विचारला त्याला?"

नव्हतं विचारलं. चार वर्षं माझ्या सह्या होत्या, आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

गळती शोधायची त्याची रीत साधी होती. नळ्यांमधून गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं. गॅस निसटतो तिथे तेलाचा पाझर येतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी काळा, चिकट डाग शोधायचा. मग त्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वाट बघायची. बुडबुडा फुगला की सापडली. हे करायला फार तर एक वाटी साबणाचं पाणी आणि धीर लागतो. ठाण्याहून येणाऱ्या माणसाकडे साबण नव्हता असं मी मानत नाही.

डाग सापडला तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशी. गॅस दाबून पुढे ढकलणारा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. त्याचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे फट बंद ठेवणारं एक सील असतं. लक्ष्मणने बोटाने पुसून दाखवलं. "सुकला. तेल पोचला नाय याला. गाडीचा एसी कवा लावता?"

"फक्त शिबिरात."

"आणि मधी?"

"मध्ये बंद. तसा नियम आहे."

संस्थेचं परिपत्रक होतं की डिझेल वाचवण्यासाठी शिबिराव्यतिरिक्त एसी चालवू नये. मी ते नुसतं पाळलं नव्हतं, तर एसीच्या बटणावर पत्र्याची डबी बसवून तिला कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या जुडग्यात, लेबलासकट. दर वर्षी दहा-अकरा महिने तो पंप हलला नव्हता, म्हणून तेल सीलपर्यंत गेलं नव्हतं, म्हणून सील वाळून चिरलं होतं.

घरी येऊन मी गाडीबरोबर आलेलं एसीचं पुस्तक काढलं. इंग्रजी पुस्तक. मी त्याला खाकी कव्हर घातलं होतं, क्रमांक दिला होता, नोंदवहीत चढवलं होतं. वाचलं नव्हतं. चौथ्याच पानावर चौकटीत छापलं होतं की थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा, नाहीतर सील वाळेल. डॉक्टर शिबिरापुरते येत; एरवी त्या अख्ख्या शिबिरगाडीवर इंग्रजी धड वाचू शकणारी मी एकटी होते. दामूभाऊने ते पान वाचलं नाही याला कारण होतं. मला काय कारण होतं? तुम्ही मला सदा नीटनेटकी आजी म्हणता. नीटनेटकेपणा म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं, आणि मला माझाच राग आला. तो अजून गेलेला नाही.

लक्ष्मणने सील बदललं, नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली आणि गॅस भरला. दोन आठवडे आम्ही रोज दाबाचा काटा बघत होतो. काटा जागचा हलला नाही. कुलपाची डबी मी काढून टाकली. तरी मी म्हणाले, "लक्ष्मण, पहिल्या शिबिराला तू सामान घेऊन बरोबर चल."

"विश्वास नाय का बाई माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे. गाडीवर नाही."

मोहिमेच्या आदल्या दिवशी जव्हारला उद्घाटन झालं. मुंबईहून सेक्रेटरीसाहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली. दात्यांच्या कुटुंबातल्या आणखी एका नावाची भर पडल्यामुळे गाडीच्या बाजूला नवी, मोठी, पितळी पाटी लावण्यात आली. दर वर्षी एखादी पाटी वाढायचीच. यमुनासारख्यांची नावं माझ्या रजिस्टरमध्ये, आणि यांची गाडीवर. पाटी लावायला आलेल्या सुताराने चार लांब स्क्रू पत्र्यात पिळले, टाळ्या झाल्या, पेढे झाले. मीही टाळ्या वाजवल्या, हे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशेऱ्याला पोचलो तेव्हा पेटी गार होती. दहा वाजता कोमट. अकराला मी दार उघडून बाहेर आले तेव्हा पदर पिळून काढावा असा झाला होता. आणि रांगेत तिसऱ्या नंबरला यमुना उभी. गेल्या वर्षीची काटक बाई नव्हे, नुसती काठी. उभ्या उभ्या खोकली आणि रांगेतल्या बाईच्या खांद्याला धरून राहिली.

"आली बाय मी," ती म्हणाली. "आज तरी फोटो येल का? मुकादमाचा टेंपो चारला निघतो. त्यात नाय बसली तं नवऱ्याला ओरडल तो."

चार वाजेपर्यंत फिल्म स्वच्छ निघाली तर डॉक्टर औषध चालू करणार. नाही निघाली तर ती पुन्हा भट्टीवर, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत तिचं काय उरेल हे डॉक्टरांनी मला हळू आवाजात सांगितलं. मी इथे लिहीत नाही.

लक्ष्मण गाडीखाली शिरला. सील कोरडं, स्वच्छ. त्याने नळीच्या कडेने बघत बघत गाडीच्या बाजूला येऊन बोट ठेवलं. पितळी पाटीच्या खालच्या कोपऱ्यातून तेलाचा एक ओघळ उतरला होता आणि त्यावर घाटातली तांबडी धूळ बसली होती. त्याने फेस लावला. पाटीच्या कडेला बुडबुडे उठले, भराभर, दूध उतू जावं तसे.

"सुताराने नळीत मारला स्क्रू," तो म्हणाला. "काल स्क्रूनेच भोक बंद धरला व्हता. घाटात गाडी हलली, मोकळा झाला. पाटी काढायला लागंल."

दामूभाऊ पुढे आला. "नाही हां! पाटीला हात लावायचा नाही. साहेबांचे फोटो झालेत कालच. आधी फोन करून विचारा."

"कुठून करू? मोखाड्याला जाऊन? आणि साहेब पोचले असतील का मुंबईला?"

"पण बाई, दात्यांचं नाव आहे त्यावर!"

"नाव आहे म्हणून नळीला भोक पडलं आहे," मी म्हणाले. "लक्ष्मण, पेचकस."

"मी काढतो बाई."

"नको. तू काढलीस तर तुला कुणी दुकान चालवू देणार नाही. मला फार तर घरी पाठवतील."

चारही स्क्रू मी काढले. माझ्या हाताला सवय नव्हती, शेवटच्या स्क्रूला तळव्याची साल निघाली. पाटी जड होती. मी ती शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला, म्हणजे अपमान केला असं कुणी म्हणू नये.

मग काम सुरू झालं. पेटीच्या आतल्या भिंतीची फळी उचकटली, तांब्याच्या नळीचा भोक पडलेला तुकडा कापला, नवा जोड घालून बत्तीच्या ज्योतीने डाग दिला. उरलासुरला गॅस हवेत गेला. तो वर आकाशात जाऊन ओझोनच्या थराचं काय करतो, हे मला पुढे वाचायला मिळालं. त्या दिवशी मला पोशेऱ्यापलीकडचं आकाश सुचत नव्हतं. हवा ओढून घेणारा पंप जनरेटरवर लावला. लक्ष्मण म्हणाला, "याला अर्धा तास तरी द्यायचा. कमी दिला तर ओल राहंल आत." डॉक्टर दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवायचे. मुकादमही येऊन उभा राहिला. "काय बाई, फोटो काढता का गाडी बनवता?" मी त्याला म्हटलं, "दोन्ही. तुला खोकला आहे का? नसेल तर बाजूला हो, इथे जागा लागते."

पावणेतीनला गॅस भरला. मी पेटीत जाऊन बसले, औषधाच्या पाण्यात तापमापक धरून. एकतीस. अठ्ठावीस. चोवीस. त्याखाली जायला तो तयार होईना. मी म्हणाले, चालेल. पाणी जेवढं गरम तेवढी धुण्याची वेळ कमी, याचा तक्ता माझ्याकडे होता, आणि तो मी वाचलेला होता.

साडेतीनला यमुनाची फिल्म मी ओलीच बाहेर आणून उजेडाच्या पेटीवर लावली. स्वच्छ. फासळ्या मोजता येत होत्या. आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी, तीही तेवढीच स्वच्छ. डॉक्टरांनी एकदाच बघितलं आणि कार्ड लिहायला घेतलं. मुकादमाशी त्यांनी काय बोलणं केलं मला ठाऊक नाही, मी पुढच्या फिल्मसाठी आत गेले होते. पण चारला टेंपो गेला त्यात यमुना नव्हती.

आठ दिवसांनी माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र आलं. संस्थेची पाटी विनापरवाना का काढली, आणि मान्यताप्राप्त कंत्राटदार असताना बाहेरच्या माणसाकडून काम का करून घेतलं. गाडीत फिल्म का बिघडत होत्या, हे मात्र चार वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तरासोबत नळीचा कापलेला तुकडा पाठवला, स्क्रूसकट. पुढे काही आलं नाही. नवी पाटी त्यांनी पत्र्यावर नुसत्या रंगाने लिहून घेतली. कंत्राट मात्र ठाण्यालाच राहिलं, आणि लक्ष्मणचं नाव संस्थेच्या कुठल्याही कागदावर नाही. म्हणून मी ते इथे इतक्या वेळा लिहिलं आहे.

यमुनाने औषध पुरं केलं. भाताच्या आवणीच्या चिखलातून आरोग्यकेंद्रात यायची, एकही खेप चुकवली नाही. भात कापून झाल्यावर ती शेवटच्या फोटोसाठी जव्हारला आली. अंग भरलं होतं, जीभ पहिल्यासारखी झाली होती. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून तिला दाखवल्या. ही शिमग्याची, हे भोक. ही आजची, भोक मिटलं, पण ही पांढरी रेघ राहणार. चढ चढताना दम लागेल, ओझं कमी उचलायचं.

तिने दोन्हीकडे नीट बघितलं.

"आणि त्याच्या आधीच्या साली? तवा व्हता का यो भोक?"

मी म्हणाले, "माहीत नाही यमुना. त्या फिल्मवर काही दिसलंच नाही."

"तुमाला नाय दिसला," ती म्हणाली. "मना तं खोकला व्हता ना, बाय."